हिरवळीखालचे मीठ

पाण्यात सहज विरघळणारी सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची क्लोराइडे, सल्फेटे व बायकार्बोनेटे यांना मृदाशास्त्रात विद्राव्य क्षार म्हणतात, आणि ती मुळांशी साचली की बागेचे जे नुकसान होते त्याची चर्चा आजवर प्रामुख्याने थंड देशांत झाली आहे, कारण तेथे हे मीठ माणूस स्वतःच्या हाताने टाकतो. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली रस्त्यावरील बर्फ वितळवण्यासाठी साधे मीठ प्रायोगिकरीत्या वापरले आणि पुढे ती पद्धत इतर थंड प्रदेशांत रूढ झाली; रस्त्याकडेला पिवळे पडलेले गवत आणि फक्त रस्त्याच्या बाजूने करपलेली झाडे हे तेव्हापासून तेथील हिवाळा सरतानाचे नेहमीचे दृश्य झाले. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत बर्फाचा प्रश्नच नाही. तरीही तीच इजा, जवळजवळ त्याच लक्षणांसह, येथील बंगल्यांच्या आवारांत, मंगल कार्यालयांच्या हिरवळींवर आणि गच्चीवरच्या कुंड्यांत दरवर्षी दिसते. फरक आहे तो वाटेचा आणि वेळेचा. येथे मीठ विंधनविहिरीच्या, म्हणजे बोअरच्या, पाण्यातून येते आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत साचत जाते. थंड देशात मीठ टाकून झाल्यावर बर्फ वितळतो आणि ते धुऊन नेण्यापुरते पाणी आपसूक मिळते. मराठवाड्यात मात्र मीठ सर्वाधिक साचते तेव्हाच पाणी सर्वांत कमी असते, आणि उपायांची सगळी अडचण या एका गोष्टीतून निर्माण होते.

दोन्ही जिल्ह्यांचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हारसाच्या थरांनी बनलेल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या पाषाणात पाणी मुरते ते फटींत, सांध्यांत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरांत. उथळ विहिरीतले पाणी दरवर्षी पावसाने ताजे होते आणि त्यात बहुधा कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे प्राबल्य असते. खोल फटींतले पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहते, त्यामुळे त्यातील एकूण क्षार वाढतात आणि पुष्कळदा सोडियम व बायकार्बोनेट यांचा वाटाही वाढतो. दुष्काळात बोअर सात-आठशे फुटांपर्यंत नेली जाते तेव्हा बागेला मिळते ते हेच जुने पाणी. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण आटल्यामुळे लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी द्यावे लागले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, हे सर्वांना आठवते. पण ज्या वर्षी पिण्याचे पाणी रुळांवरून आले त्या वर्षी झाडांच्या वाट्याला बोअरचा तळ आला, याची नोंद कोणी फारशी घेतली नाही. नांदेडची स्थिती गोदावरी आणि विष्णुपुरी प्रकल्पामुळे पुष्कळ बरी आहे. तरी नदीचे पाणी न पोचणाऱ्या बाहेरच्या वसाहतींत बागेचा भार बोअरवरच पडतो.

साचणारे मीठ किती, हे साध्या हिशेबाने कळते. पाण्यातील क्षार विद्युत वाहकतेने, म्हणजे त्या पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून मोजतात आणि त्याचे एकक डेसिसायमन प्रति मीटर असे आहे. या आकड्याला ६४० ने गुणले की लिटरमागे क्षार किती मिलिग्रॅम याचा अंदाज येतो. दीड डेसिसायमनच्या पाण्यात म्हणजे लिटरमागे जवळजवळ एक ग्रॅम क्षार असतात, आणि असे पाणी चवीला किंचित मचूळ एवढेच लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी लागते असे धरले, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत सहाशे लिटर पाणी आणि त्याबरोबर सहाशे ग्रॅम क्षार जमिनीत उतरतात. एक गुंठा, म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर, हिरवळीला हाच हिशेब साठ किलोंवर जातो. पाणी उडून जाते, गवत क्षारांचा अगदी थोडा अंश घेते, बाकीचे सारे जागीच राहते. त्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांचा काही भाग चुन्याच्या रूपाने बसतो व तेवढा निरुपद्रवी होतो. परंतु कॅल्शियम असे बाजूला पडले की उरलेल्या द्रावणात सोडियमचे प्रमाण वाढते, आणि जमिनीचा खरा शत्रू सोडियम हाच आहे.

क्षार झाडाला तीन वाटांनी पीडतात. पहिली वाट परासरणाची, म्हणजे कमी क्षारांच्या द्रावणातून अधिक क्षारांच्या द्रावणाकडे पाणी ओढले जाण्याची: कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, तसे मुळांबाहेरचे द्रावण खारट झाले की मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते आणि माती ओली असूनही झाड तहानलेले राहते. दुसरी वाट विषारीपणाची आहे. क्लोराइड आणि सोडियम पाण्याबरोबर पानांपर्यंत पोचतात, पाणी पानातून उडून जाते आणि ते तेथेच, विशेषतः पानाच्या टोकाशी व कडांशी, साचून त्या पेशी मारतात. म्हणून करपा नेहमी टोकाकडून आत सरकतो आणि जुन्या पानांत आधी दिसतो. तिसरी वाट जमिनीतून जाते. काळ्या मातीतील स्मेक्टाइट या चिकणखनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे कॅल्शियममुळे एकत्र बांधलेले राहतात आणि त्यांच्या गोळ्यांमधल्या पोकळीतून हवा-पाणी खेळते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की पापुद्रे सुटे होतात, फुगतात, पोकळ्या बुजतात, आणि जमीन ओली असताना चिकट लगदा व वाळली की दगड बनते. अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात. जिच्यात केवळ विद्राव्य क्षार वाढले आहेत आणि जिच्या पृष्ठभागावर उन्हाळ्यात पांढरा थर फुलतो ती क्षारपड किंवा खारवट जमीन. ती बरी करण्याचा मार्ग वेगळा आणि तुलनेने सोपा असतो.

लक्षणे वाचताना सर्वाधिक फसगत होते ती तहानेशी असलेल्या साम्यामुळे. पानांच्या कडा करपलेल्या, शेंडे मरगळलेले, गवताचे चट्टे तपकिरी हे पाहून पाणी कमी पडले असा निष्कर्ष निघतो आणि माळी रोज संध्याकाळी नळी धरून वरवर शिंपडा मारू लागतो. त्या थोड्या पाण्याने वरचे दोन-तीन इंच भिजतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते उडून जाते आणि आपले मीठ मुळांच्या नेमक्या थरात ठेवून जाते. मराठवाड्यातील बागांची जितकी हानी खारट पाण्याने झाली असेल तितकीच ते पाणी थोडे-थोडे आणि रोज देण्याच्या सवयीने झाली आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये. त्यातही भर दुपारी पानांवर फवारलेले बोअरचे पाणी अधिक वाईट, कारण ते पानावरच आटून क्षार थेट तेथे सोडते. थंड देशांत धावत्या वाहनांच्या चाकांमुळे उडणारा खारट चिखल झाडांचे जे करतो तेच येथे पाण्याची नळी करते. दुसरी गफलत लोहाच्या कमतरतेशी होते. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि मग गुलाब, जास्वंद, मोसंबी यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कोवळ्या पानांची पिवळी जाळी दिसली तर संशय लोहावर घ्यावा, जुन्या पानांच्या कडा करपल्या असतील तर क्षारांवर. दोन्ही एकाच झाडावर दिसणेही येथे दुर्मीळ नाही.

काळ्या जमिनीचा एक स्वभाव या प्रश्नाला स्थानिक वळण देतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, आणि वळवाचा जोरदार पाऊस पडला की पाणी ढेकळांमधून झिरपण्याऐवजी भेगांतून सरळ खाली जाते. क्षार असतात ढेकळांच्या पोटात आणि वरच्या पापुद्र्यात, त्यामुळे एवढे पाणी जाऊनही ते धुतले जात नाहीत. सर हलकी असली तर आणखी वाईट घडते: वर फुललेला पांढरा थर विरघळतो, दोन-चार इंच खाली उतरतो आणि कोवळ्या मुळांना गाठतो. पहिल्या पावसानंतर झाड तरारण्याऐवजी करपले, या नेहमीच्या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून मृगापूर्वी वाफ्यातील भेगा हलक्या खुरपणीने बुजवणे, पांढरा थर खरवडून आवाराबाहेर टाकणे आणि हलकी सर पडत असतानाच उलट भरपूर पाणी देणे, हे विचित्र वाटले तरी योग्य आहे. पाऊस चालू असताना नळी सोडणाऱ्याला शेजारी हसतील, पण त्या दिवशी जमिनीतले मीठ खाली ढकलण्याचे निम्मे काम आभाळ करत असते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवला जाऊ लागल्यानंतर काही दशकांतच तेथील जमिनी क्षारपड होऊ लागल्या, आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्यासह १९१० साली नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. विदर्भात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा तर त्याच नावाने ओळखला जातो. दोन्हीकडचे तात्पर्य असे, की क्षार येण्याचे थांबवता आले नाहीत तरी जमिनीला निचरा असेल, म्हणजे जादा पाणी मुळांखालून निघून जाण्यास वाट असेल, तर शेती टिकते. आणि निचरा नसेल तर चांगले पाणीही कालांतराने घातक ठरते.

शहरी घरांत मात्र मिठाच्या आणखी काही वाटा उघडल्या आहेत आणि त्यांच्याकडे लक्ष कमी जाते. जड पाणी मऊ करणारे सॉफ्टनर हे यंत्र आता बंगल्यांत आणि अपार्टमेंटच्या गच्च्यांवर सर्रास दिसते. त्यातील राळेचे कण पाण्यातला कॅल्शियम व मॅग्नेशियम पकडून बदल्यात सोडियम सोडतात. क्षारांचे एकूण प्रमाण त्यामुळे घटत नाही, त्यांची जात तेवढी बदलते. आंघोळीला असे पाणी सुखाचे असले तरी काळ्या मातीला त्याच्याइतके वाईट पाणी क्वचितच असेल, कारण बांधणारा कॅल्शियम काढून मोडणारा सोडियम देण्याचे काम यंत्राने आधीच केलेले असते. शिवाय राळ पुन्हा ताजी करण्यासाठी यंत्रातून मिठाचे दाट पाणी सोडावे लागते, आणि त्याची नळी अनेक ठिकाणी सोयीस्करपणे कुंपणालगतच्या झाडांकडे वळवलेली आढळते. बर्फाळ देशातील रस्त्याकडेच्या झाडाची जी अवस्था होते तिची हुबेहूब नक्कल येथे होते, कारण पदार्थही तोच, साधे मीठ. सॉफ्टनरच्या आधीच्या नळातून बागेसाठी वेगळी तोटी काढणे हा किरकोळ खर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. शुद्धीकरण यंत्राच्या, म्हणजे आरओच्या, टाकाऊ पाण्याचे प्रकरण इतके सरळ नाही. पाणी वाचवण्याच्या सद्हेतूने ते झाडांना घालण्याचा सल्ला दिला जातो. यंत्र तीन लिटरमागे एक लिटर शुद्ध पाणी देत असेल तर उरलेल्या दोन लिटरांत मूळ पाण्याच्या जवळजवळ दीडपट दाट क्षार असतात. नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे असे पाणी झाडांना बिनधास्त घालता येते, मचूळ बोअरवर चालणाऱ्या यंत्राचे मात्र फरशी धुण्यापुरतेच ठेवलेले बरे. धुण्याच्या पावडरीत सोडियमची संयुगे, त्यातही धुण्याचा सोडा, भरपूर असल्याने कपड्यांचे पाणी रोज एकाच झाडाला घालणे म्हणजे तेवढी जागा हळूहळू चोपण करणे होय.

मोजल्याशिवाय उपाय करू नये हे येथे विशेष लागू पडते. पाण्यातील एकूण विरघळलेले घन पदार्थ दाखवणारा खिशातला मीटर स्वस्त मिळतो आणि त्याचा आकडा बागेसाठी पुरेसा मार्गदर्शक ठरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. त्यामुळे जे पाणी माणसाने नाइलाजाने पिण्यास चालते ते गुलाबाला मुळीच चालत नाही, असे घडू शकते. जमिनीच्या तपासणीत आणखी एक गोम आहे. पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या, म्हणजे संपृक्त, अर्काची वाहकता ४ डेसिसायमनपेक्षा अधिक असेल तर जमीन खारवट, आणि चिकणमातीने धरून ठेवलेल्या एकूण धनभारित कणांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर चोपण, ही कसोटी अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली रूढ केली. परंतु आपल्याकडील प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा पातळ मिश्रणाची वाहकता देतात, आणि हा आकडा स्वाभाविकपणे पुष्कळ लहान असतो. अहवालातील दीड हा आकडा पाहून चारपेक्षा कमी म्हणून निश्चिंत होणे चूक आहे.

क्षार खाली ढकलण्यासाठी दिलेल्या पाण्याचा किती वाटा झाडाच्या गरजेहून जादा असावा याचे एक उपयुक्त सूत्र आहे: पाण्याच्या वाहकतेला, झाड सहन करते त्या मातीच्या वाहकतेच्या पाचपटीतून पाण्याची वाहकता वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे. माती १.७ डेसिसायमनच्या वर गेली की संत्रावर्गीय झाडांचे उत्पन्न घटू लागते, हरळीची वाढ ६.९ पर्यंत घटत नाही. दीड डेसिसायमनच्या पाण्यासाठी हिशेब केला तर मोसंबीला दिलेल्या पाण्यातील २१ टक्के वाटा असा जादा असावा लागतो आणि हरळीला साडेचार टक्के. टंचाईच्या जिल्ह्यात झाड निवडणे म्हणजे पाण्याचे अंदाजपत्रक ठरवणे, हे या दोन आकड्यांइतके दुसऱ्या कशाने स्पष्ट होत नाही. हे जादा पाणी रोज वाटून न देता पंधरा-वीस दिवसांतून एकदा, वाफा भरून, द्यावे. आधीच साचलेले मीठ काढायचे असेल तर एक फूट खोलीच्या मातीतून एक फूट पाणी पार झाल्यास सुमारे ऐंशी टक्के क्षार निघतात, आणि काळ्या जमिनीत ते टप्प्याटप्प्याने, पावसाळ्यातच, करणे शहाणपणाचे असते. पाणी खाली गेलेच पाहिजे ही अट मात्र अटळ आहे. बांधकामाच्या वेळी यंत्रांनी दाबलेल्या काळ्या मातीवर अर्धा फूट लाल माती पसरून हिरवळ अंथरण्याची जी प्रथा आहे तिच्यात पाणी दोन थरांच्या सांध्यावर अडते व मीठ तेथेच घर करते. लाल माती टाकण्यापूर्वी खालची जमीन फोडणे आणि उताराच्या कडेला मुरूम-खडीचा चर काढणे यावर खर्च केलेला पैसा पुढच्या सर्व खतांपेक्षा अधिक कामाला येतो.

जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, हे औषध चोपण जमिनीचे आहे; केवळ खारवट जमिनीत ते टाकणे म्हणजे आणखी एक क्षार घालणे. त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावतो, आणि हुसकावलेला सोडियम धुऊन नेण्यास पुन्हा पाणी लागतेच. आपल्या जमिनीत चुनखडीच्या रूपाने कॅल्शियम मुबलक असतो, पण तो विरघळत नाही. शेणखत, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत किंवा साखर कारखान्यांतून मिळणारी कुजलेली मळी यांच्या कुजण्यातून तयार होणारी आम्ले त्याला मोकळा करतात, म्हणून ऊस पिकवणाऱ्या या पट्ट्यात मळी हे जिप्समला पूरक असे जवळचे साधन आहे. खतांत म्युरेट ऑफ पोटॅश टाळावे, कारण ते पोटॅशियमचे क्लोराइड आहे. सल्फेट ऑफ पोटॅश महाग असले तरी त्याचा क्षारभार निम्म्याहून कमी असतो.

झाडांच्या निवडीत कण्हेर, बोगनवेल, करंज, कडुनिंब, चिकू, नारळ आणि बोर ही मंडळी खारट पाणी बऱ्यापैकी सोसतात. गुलाब, आंबा, लिंबूवर्गीय झाडे आणि केळी सोसत नाहीत. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहेत म्हणून शहरातल्या मचूळ बोअरवर परसात केळ लावणे हा त्या केळीवर अन्याय आहे, कारण ती कालव्याच्या आणि गोड्या विहिरींच्या पाण्याची संतती आहे. हिरवळ हवीच असेल तर ती हरळीची, किंवा रोपवाटिकांत ‘सिलेक्शन वन’ या नावाने मिळणाऱ्या हरळीवर्गीय गवताची, असावी. शेताच्या बांधावर ज्या गवताला उपटून शेतकरी थकतो तेच येथे सर्वांत विश्वासू ठरते. तरीही लातूरसारख्या शहरात बोअरच्या पाण्यावर गुंठाभर हिरवळ राखणे हा निर्णय मुळातच शंकास्पद आहे, आणि तो केवळ मिठामुळे नव्हे, पाण्याच्या टंचाईमुळेही.

धुतलेले मीठ नाहीसे होत नाही, ते भूजलात जाते आणि त्याच बोअरमधून परत येऊ शकते. उत्तर अमेरिकेतील शहरांच्या भूजलात रस्त्यावरच्या मिठाचे क्लोराइड वाढत चालले आहे ते याच मार्गाने. या फेऱ्यात गोडे पाणी बाहेरून घालण्याचे एकच स्थानिक साधन आहे, छतावरचा पाऊस, ज्यात क्षार जवळजवळ नसतातच. वर्षाला आठशे मिलिमीटर पाऊस धरला तर शंभर चौरस मीटरच्या गच्चीवरून, वीस टक्के तूट वजा करता, ६४ हजार लिटर पाणी मिळते, म्हणजे वर काढलेल्या गुंठाभर हिरवळीच्या उन्हाळ्याच्या गरजेइतके. ते सगळे टाक्यांत साठवणे घरगुती आवाक्यातले नाही; बहुतेक पाणी गाळणीच्या खड्ड्यातून बोअरमध्ये उतरवून तेथील पाणी पातळ करणे आणि दहा हजार लिटरची एक टाकी नाजूक झाडांसाठी राखणे एवढे शक्य आहे. त्या टाकीवर फेब्रुवारी ते मे सोळा चौरस मीटरचा वाफा निभावतो, आणि गुलाब, मोगरा व कुंड्या यांना तेवढी जागा बहुतेक घरांत पुरते.